संबंधानंतरचे पाच दिवस : गोळी, तांबी आणि मराठवाड्यातून येणारे नेहमीचे प्रश्न

संबंधानंतर दिवस राहू नयेत म्हणून काय करायचं, हे प्रश्न बहुतेक वेळा हळू आवाजात येतात आणि उशिरा येतात. विचारू की नको, कुणाला कळलं तर काय, यातच दोन दिवस निघून जातात. तुम्ही आत्ता घाईत असाल तर पहिला प्रश्न वाचा आणि निघा. बाकीचं नंतर निवांत वाचता येईल.

काल रात्री निरोध फुटला. आता नेमकं काय करू?

मेडिकलवर जा आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक गोळी मागा. आय-पिल, अनवॉन्टेड-७२ या नावांनी ती सगळीकडे ओळखीची आहे. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, ही गोळी भारतात २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. किंमत साधारण शंभर रुपयांच्या आसपास. पाण्यासोबत एकच गोळी गिळायची. जेवण झालेलं असलं तर मळमळ कमी होते, पण जेवणासाठी थांबायची गरज नाही.

पैसे नसतील किंवा मेडिकलवर जायचं धाडस होत नसेल, तर आशाताईला विचारा. सरकारी पुरवठ्यातली ईझी पिल ही अगदी तीच गोळी आहे. घरपोच योजनेत तिचे दोन रुपये ठरवून दिलेले आहेत, आणि उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते. दोन रुपयांची म्हणून ती कमी ताकदीची असते, हा समज काढून टाका. आतलं औषध आणि त्याचं प्रमाण दोन्ही सारखंच.

पाकिटावर ७२ तास लिहिलंय. म्हणजे तीन दिवस आहेत, मग घाई कशाला?

या एका आकड्यानं फार नुकसान केलंय. लोकांना वाटतं, तिसऱ्या दिवशी घेतली तरी पहिल्या दिवसाइतकीच चालते. तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा १९९८ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. त्यात पहिल्या २४ तासांत गोळी घेतलेल्या बायकांमध्ये, एरवी राहिली असती अशा गर्भधारणांपैकी ९५ टक्के टळल्या. दुसऱ्या दिवशी घेतलेल्यांमध्ये ८५ टक्के, आणि तिसऱ्या दिवशी फक्त ५८ टक्के.

कारण सरळ आहे. ही गोळी बीजकोशातून बीज बाहेर पडणं लांबवते. पुरुषाचे शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. बीज फुटल्यानंतर मात्र जेमतेम एक दिवस टिकतं. बीज उशिरा आलं की तोवर शुक्राणू संपलेले असतात आणि गाठ पडत नाही. पण बीज फुटायची तयारी शरीरात सुरू झाली असेल, तर ही गोळी ते थांबवू शकत नाही. म्हणून रात्री अकराला आठवलं आणि तालुक्याचं मेडिकल उघडं असलं, तर सकाळची वाट पाहू नका.

तीन दिवस उलटून गेले असतील तरी पाचव्या दिवसापर्यंत म्हणजे १२० तासांपर्यंत या गोळीचा थोडाफार उपयोग होतो. मात्र तिच्या भरवशावर राहू नका, पुढचं उत्तर वाचा.

चौथा दिवस आहे. सगळं संपलं का?

नाही. तांबी आहे, म्हणजे गर्भपिशवीत बसवायची कॉपर टी.

मला या विषयात सगळ्यात जास्त खंत कशाची वाटत असेल तर ती याची, की तांबीचं नाव कुणी घेत नाही. गोळीची जाहिरात टीव्हीवर होते, तांबीची कोण करणार? पण संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांबी बसवली, तर गर्भ न राहण्याची खात्री ९९ टक्क्यांहून जास्त असते. पाचव्या दिवशी बसवली तरी ती पहिल्या दिवसाइतकीच चालते. वजन जास्त असो वा कमी, टीबीची औषधं चालू असोत, फरक पडत नाही. आणि पुढची काळजीही मिटते : कॉपर टी ३८० ए दहा वर्षं चालते, ३७५ नावाची पाच वर्षं. मधेच लेकरू हवं वाटलं तर काढायची, त्यानंतर लगेच दिवस राहू शकतात.

बसवायला काही मिनिटं लागतात. सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात, जिल्ह्याच्या स्त्री रुग्णालयात किंवा संभाजीनगरच्या घाटीसारख्या मोठ्या दवाखान्यात ती बसवून मिळते. अनेक ठिकाणी प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टरच बसवतात. अडचण एकच येते. आपल्याकडे तांबी बाळंतपणानंतर किंवा पाळी आल्यावर बसवायची सवय आहे, त्यामुळे 'पाळी आल्यावर या' असं सांगून परत पाठवलं जाऊ शकतं. तसं झालं तर स्पष्ट बोला : 'अमक्या दिवशी संबंध आलाय, पाच दिवस व्हायचेत, दिवस राहू नयेत म्हणून आत्ताच बसवायची आहे.' तरीही जमलं नाही, तर त्या दिवशी गोळी तरी घ्या आणि दुसऱ्या दवाखान्याचा रस्ता धरा.

ओटीपोटात जंतुसंसर्ग असेल, अंगावरून पू-मिश्रित किंवा घाण वासाचं पाणी जात असेल, कारण न कळता रक्तस्राव होत असेल किंवा आधीच दिवस गेले असतील, तर तांबी बसवत नाहीत. तपासणारी व्यक्ती हे बघतेच.

तांबी वर चढून काळजाला जाते म्हणतात...

पोटातून छातीकडे जाणारी तशी वाटच नाही. गर्भपिशवी वरच्या बाजूनं बंद असते. क्वचित बसवताना ती पिशवीच्या भिंतीतून आरपार जाऊ शकते, पण ते हजारात एखाद्या बाईच्या बाबतीत, आणि त्यावर उपचार आहे. कधीकधी ती आपोआप खाली येऊन पडते, म्हणून पाळीनंतर दोरा बोटाला लागतो का ते बघायला सांगतात. नवऱ्याला टोचते ही तक्रार खरी असू शकते. दोरा कापून आखूड केला की ती मिटते. पहिले काही महिने पाळीत जास्त जातं आणि पोट जास्त दुखतं, हे मात्र खरं आहे. आधीच अंगात रक्त कमी असेल तर ते डॉक्टरांना सांगा. लेकरू न झालेल्या बाईलाही तांबी बसवता येते.

गोळी घेणं म्हणजे गर्भपात करणं का?

नाही. गर्भ राहूच नये म्हणून ती असते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. दिवस गेलेत हे माहीत नसताना चुकून घेतली, तर पोटातल्या गर्भाला तिच्यामुळे व्यंग येतं असंही कुठे दिसलेलं नाही.

गर्भपाताच्या गोळ्या वेगळ्या. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल अशा दोन औषधांचा तो संच असतो. तो नऊ आठवड्यांपर्यंत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचा असतो. काउंटरखालून तो 'पाळी आणायची गोळी' म्हणून मिळाला तर घेऊ नका. गर्भ नळीत अडकलेला असेल किंवा दिवस जास्त भरलेले असतील, तर जीवावर बेतू शकतं.

माझ्याकडे महालक्ष्म्यांच्या वेळी घेतलेल्या पाळीच्या गोळ्या उरल्यात. त्या चालतील?

चालणार नाहीत. सणासुदीला, नवरात्रात, तुळजापूरला किंवा वारीला जाताना पाळी पुढे ढकलण्यासाठी ज्या गोळ्या घेतात त्यांत नॉरएथिस्टेरॉन असतं. त्यांचा आणि या गोळीचा काही संबंध नाही. घरोघरी या गोळ्या पडलेल्या असतात म्हणून हा गोंधळ वारंवार होतो.

मग माला-एन किंवा माला-डी, या रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या?

या चालतात, दुसरं काहीच हाताशी नसेल तेव्हा. पाकिटातल्या पांढऱ्या चार गोळ्या एकदम आणि बरोबर बारा तासांनी आणखी चार. लोहाच्या रंगीत गोळ्या यात धरायच्या नाहीत, त्यांचा काही उपयोग नाही. ही पद्धत जुनी आहे. ती एका गोळीपेक्षा कमी परिणामकारक आहे आणि मळमळ फार होते. तरीही आशाताईनं दिलेलं पाकीट घरात आहे आणि मेडिकल वीस किलोमीटरवर आहे, अशा घरांसाठी हे माहीत असलेलं बरं.

गोळी घेतली आणि उलटी झाली.

दोन तासांच्या आत झाली असेल तर पुन्हा एक गोळी घ्या. त्यानंतर झाली असेल तर औषध अंगात गेलेलं आहे.

गोळीचे परिणाम काय होतात? पिशवी खराब होते का?

मळमळ, डोकं दुखणं, गरगरणं, स्तन जड होणं, थकवा. एक-दोन दिवसांत जातं. पाळी आठवडाभर अलीकडे किंवा पलीकडे सरकू शकते. मधेच थोडं अंगावर लागलं तर ती पाळी समजू नका, आणि म्हणून निश्चिंतही होऊ नका. पिशवी खराब होत नाही, वांझपण येत नाही. पुढच्याच महिन्यात दिवस राहू शकतात.

एका महिन्यात किती वेळा घेता येते?

कोटा ठरलेला नाही. गरज पडली तर दुसऱ्यांदा घ्या, विषबाधा होत नाही. प्रश्न वेगळाच आहे : आठवड्याला गोळी घेणाऱ्या बाईची पाळी पार विस्कटते, पैसे जातात, आणि एवढं करून ही गोळी रोजच्या साधनांपेक्षा कमी भरवशाची. शिवाय गोळी मागच्या संबंधासाठी असते, पुढच्यासाठी नाही. आज गोळी घेतली आणि उद्या निरोधाविना संबंध आला, तर धोका उलट वाढू शकतो, कारण बीज आता पुढे ढकललं गेलेलं आहे आणि ते येत्या दिवसांत केव्हाही येईल.

टीबीची औषधं चालू आहेत. फिटच्या गोळ्या चालू आहेत.

हा प्रश्न फार थोड्या जणी विचारतात आणि तो फार महत्त्वाचा आहे. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन, फिटवरचं फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन, एचआयव्हीच्या उपचारातलं इफाव्हिरेन्झ, ही औषधं गोळीचं काम अर्ध्यावर आणतात. बंद केल्यावरही चार आठवडे हा परिणाम राहतो. अशा वेळी तांबी उत्तम. ती शक्य नसेल तर डॉक्टर दोन गोळ्या एकदम घ्यायला सांगतात. कुठली औषधं चालू आहेत ते सांगताना लाजू नका, पाकीटच सोबत न्या.

वजन जास्त असेल तरीही, साधारण सत्तर किलोच्या वर, गोळी कमी चालू शकते. तिथेही तांबीचाच विचार आधी करा.

लेकरू अंगावर पितंय आणि अजून पाळी आलेली नाही. मला धोका आहे का?

असू शकतो. बीज आधी फुटतं आणि पाळी नंतर येते, त्यामुळे बाळंतपणानंतर पाळी न येताच पुन्हा दिवस गेलेल्या बायका प्रत्येक गावात आहेत. लेकरू सहा महिन्यांच्या आतलं, त्याला रात्रंदिवस फक्त अंगावरचंच दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, आणि पाळीही नाही, या तिन्ही गोष्टी असतील तर संरक्षण चांगलं असतं. एक जरी सुटली तरी ते जातं. गोळी पाजत्या आईला चालते, पाजणं थांबवायचं नाही.

आम्ही कोयत्याला, ऊसतोडीला जातो. दिवाळीपासून होळीच्या पुढेपर्यंत फडावरच. तिथे दवाखाना कुठला?

बीड, जालना, परभणी, धाराशिव, सगळीकडून हा प्रश्न येतो. टोळी सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात, कोपी कारखान्यापासून लांब, आणि पहाटे चारला उठून फडात. तिथे आठवडी बाजाराच्या दिवसाशिवाय मेडिकल दिसत नाही, आणि आठवडी बाजाराची वाट पाहण्यात गोळीचा वेळ संपतो.

म्हणून निघायच्या आधी, उचल घेऊन सामान बांधतानाच, आशाताईकडून निरोधाची पाकिटं आणि दोन ईझी पिल मागून घ्या. गोळ्या उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका आणि पाकिटावरची तारीख बघा. जाण्याआधी तांबी बसवून घेतली किंवा 'अंतरा' नावाचं गर्भनिरोधक इंजेक्शन घेतलं तर सगळ्यात चांगलं. अंतरा दर तीन महिन्यांनी घ्यायचं असतं, त्यामुळे हंगामात एकदा जवळच्या आरोग्य केंद्रात जावं लागेल. त्याचं कार्ड सोबत असू द्या, दुसऱ्या जिल्ह्यातही देतात.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. पाळीची आणि दिवस जाण्याची कटकट नको म्हणून गर्भपिशवीच काढून टाकायचा सल्ला या बायकांना फार सहज दिला गेलाय. २०१९ मध्ये बीडमधल्या अशा शस्त्रक्रियांवरून विधिमंडळात प्रश्न उठले आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पिशवी काढणं हे गर्भनिरोधन नाही. तिशीच्या आत-बाहेरच्या बाईची हाडं, पाठ, झोप, सगळ्याचा हिशोब त्यात बिघडू शकतो.

मी लातूरला हॉस्टेलवर राहते, लग्न झालेलं नाही. मेडिकलवाला काही विचारेल का?

विचारेल किंवा नुसता बघेल. उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. लग्नाचा दाखला मागायचा नियम कुठेही नाही. ओळखीच्या दुकानात जायचं नसेल तर दुसऱ्या चौकात जा, मैत्रिणीला पाठवा, मित्राला पाठवा. खरं तर त्यालाच पाठवा. पुरुषाला ही गोळी विकत घेता येते आणि निम्मी जबाबदारी त्याची आहेच.

वय अठराच्या आत असेल तर गुंता वाढतो. पोक्सो या बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानुसार अठराखालच्या मुलीचा लैंगिक संबंध कळला की डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं, लग्न झालेलं असलं तरी. ही भीती खरी आहे. पण त्या भीतीपायी पाच दिवस घालवले तर पुढचा प्रश्न गर्भपाताचा असतो आणि तो कितीतरी अवघड. १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो.

जबरदस्ती झाली असेल तर?

थेट दवाखाना, सरकारी किंवा खासगी. कोणत्याही दवाखान्यानं बलात्कारग्रस्त बाईवर लगेच आणि मोफत उपचार करायलाच हवेत, कायदा तसा आहे. आधी तक्रार, मग उपचार असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. दवाखाना पोलिसांना कळवतो, पण उपचार त्यासाठी अडत नाहीत. तिथे गर्भ न राहण्याची गोळी मिळते, आणि एचआयव्ही टाळायची औषधंही मिळतात. एचआयव्हीची ही औषधं ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात, पहिल्या काही तासांत झाली तर उत्तम. शक्य असेल तर अंघोळ करू नका. कपडे न धुता कागदात गुंडाळून न्या. अंघोळ झाली असेल तरीही जा. १८१ ही महिलांची हेल्पलाइन, ११२ पोलिसांची.

पपई, तीळगूळ, बाजरीची भाकरी, उड्या मारणं, लगेच धुणं...

यातलं काहीही गर्भ थांबवत नाही. उष्ण खाल्लं की पाळी येते हे आपण आजीपासून ऐकत आलोय, पण शुक्राणूंना काही मिनिटं पुरतात, ते तोवर पुढे गेलेले असतात. साबण, डेटॉल किंवा लिंबाच्या पाण्यानं आतून धुतलं तर जखम आणि जंतुसंसर्ग होतो, एवढंच.

गोळी घेतली, पाळी अजून आली नाही.

ठरलेल्या तारखेनंतर सात दिवस वाट पाहा आणि मग दिवस राहिलेत का याची तपासणी करा. पाळीची तारीखच आठवत नसेल तर संबंधानंतर तीन आठवड्यांनी. आशाताईकडे निश्चय किट मोफत असतं, सकाळची पहिली लघवी घ्यायची. एका बाजूला ओटीपोटात जोरात दुखत असेल, चक्कर येत असेल, थोडं रक्त जात असेल, तर किटच्या नादी न लागता दवाखान्यात जा. गर्भ नळीत असू शकतो.

दिवस राहिलेच असतील आणि नको असतील, तर गर्भपाताला कायदेशीर मार्ग आहे. १९७१ च्या कायद्यात २०२१ साली बदल झाला : वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, काही विशिष्ट परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मतानं चोवीसपर्यंत. लग्न न झालेल्या बाईलाही हा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. प्रौढ बाईला नवऱ्याची सही लागत नाही. नाव गुप्त ठेवणं दवाखान्याला बंधनकारक आहे.

हे सारखं सारखं नको. पुढे काय वापरू?

गोळी घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून माला-एन सुरू करता येते, पहिले सात दिवस निरोध वापरून. छाया हॉर्मोनशिवायची गोळी आहे, लखनौच्या संस्थेत शोधलेली : पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. अंतरा आणि तांबीचं वर आलंच.

मालकांची तयारी असेल तर पुरुष नसबंदी. बिनटाक्याची असते, त्याच दिवशी घरी जाता येतं, ताकद जात नाही. मात्र केल्या दिवसापासून ती लागू होत नाही. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्याची तपासणी करून घ्यायची. ती तपासणी न केल्यामुळे दिवस राहिले आणि गावभर बाईवर संशय घेतला गेला, असं घडतं.